बेळगावचं तिकीट आणि टोरांटोचा पोस्टमन : परदेशी टपालावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ९ ऑक्टोबरच्या जागतिक टपाल दिनाची एक छोटी चौकट दिली होती. १८७४ साली या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी टपालाचा करार केला, एवढीच माहिती तिच्यात होती. त्यावर शहापूर, निपाणी, हिंडलगा, खानापूर, उचगाव अशा ठिकाणांहून बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं देत आहोत.

प्रश्न : माझी बहीण टोरांटोला असते. मी बेळगावात तिकीट लावतो, पैसे इथल्याच खिडकीवर भरतो. मग तिकडं जिना चढून पत्र देणाऱ्या पोस्टमनचा पगार कोण देतं? आपल्या पैशातला वाटा त्याला मिळतो काय? — वाचक, शहापूर

तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाकडेच राहतात. प्रत्येक पत्रामागे वाटणी होत नाही; पोचवणाऱ्या देशाचा मोबदला नंतर एकत्र हिशोबानं दिला जातो, तो पुढच्या उत्तरात येईल. हे आज साधं वाटतं, पण तिथवर पोचायला फार भांडाभांडी झाली आहे.

आधी आपल्या देशातलं बघा. १ ऑक्टोबर १८५४ पासून लॉर्ड डलहौसीच्या काळात नियम झाला की पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते कितीही लांब जावो. त्याआधी अंतराप्रमाणे पैसे पडत. बेळगावहून धारवाडला वेगळे आणि कलकत्त्याला वेगळे. देशाच्या आत हा प्रश्न असा सुटला, कारण सगळी टपाल कार्यालयं एकाच मालकाची होती. डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात घालायचं, त्याचा हिशोब कशाला?

देशाबाहेर मात्र खिसे वेगवेगळे. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक देशाचा दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळा करार असे. एका पत्राच्या किमतीत आपल्या देशातली वाहणावळ, जहाजाचं भाडं, मधल्या देशांचा वाटा आणि पोचण्याच्या देशातला वाटा असे चार-पाच तुकडे पडत. हे सगळं पत्रागणिक वहीत लिहायचं. जहाज बदललं, वाट बदलली की दर बदलला. त्या काळी अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला अर्ध्या औंसाचं पत्र टाकायचं तर वाटेप्रमाणे ५ सेंट, ३३ सेंट, ४५ सेंट, ६० सेंट किंवा १ डॉलर २ सेंट पडत. पत्र तेच, पत्ता तोच! सामान्य माणसाला यातली स्वस्त वाट कोणती हे कळायचा मार्ग नव्हता आणि खिडकीवरच्या कारकुनाचंही डोकं चालत नसे.

यावर पहिली बैठक अमेरिकेच्या पुढाकारानं १८६३ साली पॅरिसला झाली. १५ देश आले आणि सर्वसाधारण तत्त्वं ठरली, पण बंधनकारक करार झाला नाही. पुढं उत्तर जर्मनीच्या टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी हाइनरिख फॉन स्टेफान यांनी १८६८ मध्ये सर्व देशांच्या टपाल संघाची योजना मांडली. मध्येच १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं आणि बैठक लांबली. शेवटी सप्टेंबर १८७४ मध्ये बर्नला सगळे बसले आणि ९ ऑक्टोबरला सह्या झाल्या.

त्या करारातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, टपालापुरते सगळे सदस्य देश मिळून एकच प्रदेश. दुसरी, १५ ग्रॅमच्या पत्राला २५ सेंटिम हा मूळ दर. सुरुवातीला सवलत म्हणून २० ते ३२ सेंटिमच्या मध्ये कुठंही दर ठेवायची मुभा होती. तिसरी आणि खरी कळीची म्हणजे ज्यानं तिकीट विकलं त्यानं सगळे पैसे ठेवायचे. युक्तिवाद असा की माणूस पत्र लिहितो तेव्हा त्याला उत्तर येतंच. तुम्ही माझं पत्र फुकट पोचवा, मी तुमचं उत्तर फुकट पोचवतो. वर्षाच्या शेवटी साधारण फिटंफाट. मधून नुसतं टपाल वाहून नेणाऱ्या देशाला मात्र किलोमागे वाहणावळ द्यायची, कारण त्याला कुणाचं उत्तर येत नाही.

करार १ जुलै १८७५ पासून लागू झाला. आपला देश, म्हणजे तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थान, १ जुलै १८७६ पासून त्यात आला. १८७८ मध्ये त्याचं नाव युनिव्हर्सल पोस्टल युनियन, म्हणजे जागतिक टपाल संघ, असं झालं. आज १९२ देश त्यात आहेत, कचेरी अजून बर्नलाच आहे. विमानाच्या पत्रावरच्या निळ्या चिठ्ठीवर ‘पार आव्हियाँ’ असं फ्रेंचमध्ये छापलेलं असतं, तेही याच संघामुळं. त्याची अधिकृत भाषा फ्रेंच आहे.

प्रश्न : हा फिटंफाट हिशोब इतका सोपा होता, तर तो टिकला का नाही? चीनमधून आठाण्याच्या किमतीत वस्तू घरपोच येत होत्या, त्याचा याच्याशी संबंध आहे असं ऐकलं. — वाचक, निपाणी

संबंध आहे, अगदी सरळ आहे. पत्राला उत्तर येतं, पण मासिकाला येत नाही. कॅटलॉगला येत नाही. मोबाइलच्या कव्हरला तर मुळीच येत नाही.

वसाहती स्वतंत्र झाल्या तसे अनेक गरीब देश संघात आले. श्रीमंत देशांतून त्यांच्याकडं छापील मजकुराचे गठ्ठे येत, उलट जाणारं टपाल थोडं. पोचवायचा खर्च त्यांच्या गळ्यात आणि तिकिटाचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात. म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेत ठरलं की ज्यानं जास्त पाठवलं त्यानं फरकाच्या वजनावर पोचवण्याचा मोबदला द्यायचा. याला टर्मिनल ड्यूज म्हणतात. १९७१ पासून हे सुरू झालं. (९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन म्हणून पाळायचंही याच परिषदेत ठरलं.)

तेव्हा मोबदला किलोवर होता, आणि चूक तिथंच होती. पोस्टमनचं कष्ट किलोत मोजता येत नाही. २० ग्रॅमची पत्रं किलोत ५० बसतात, म्हणजे ५० दारं. अर्ध्या किलोची पाकिटं किलोत दोनच, म्हणजे दोन दारं. दोन्हीला एकच दर कसा लागू पडेल? म्हणून पुढं नगामागे इतके अधिक किलोमागे इतके असा दुहेरी दर आला. श्रीमंत देशांसाठी तो त्यांच्या देशांतर्गत दराशी बांधला, आणि गरीब देशांना सवलतीचा कमी दर राहिला.

ही सवलत न्याय्य होती. आपल्यालाही तिचा फायदा झाला आहे. पण ती देताना टपालाच्या पिशवीत काय असेल याचा अंदाज चुकला. सवलत ठरली तेव्हा डोळ्यांसमोर पत्रं होती. पत्राच्याच वर्गात दोन किलोपर्यंतचं छोटं पाकीट, ज्यात वस्तू असते, तेही बसत होतं. ऑनलाइन खरेदी आली आणि चीनमधून अशा पाकिटांचा पूर लोटला. चीनहून अमेरिकेला छोटं पाकीट पाठवणं अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेनं संघ सोडण्याची नोटीस दिली. नोटिशीची मुदत एक वर्षाची. ती संपायच्या तोंडावर, सप्टेंबर २०१९ मध्ये, जिनिव्हाला खास परिषद भरली आणि तडजोड झाली. जाड पत्रं आणि छोटी पाकिटं यांच्यासाठी देशांनी आपला दर स्वतः जाहीर करावा, पण तो आपल्या देशांतर्गत दराच्या ७० टक्क्यांच्या वर नेऊ नये. वर्षाला ७५ हजार टनांहून जास्त टपाल येणाऱ्या देशाला हे जुलै २०२० पासून करता आलं, बाकीच्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं.

आमचं मत स्पष्ट आहे. वस्तूनं आपलं भाडं पुरेपूर द्यावं, पत्र मात्र स्वस्तच राहिलं पाहिजे. दोन्ही एकाच पिशवीत घातल्यामुळं वस्तूच्या भांडणात पत्र भरडलं जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी रद्द केली. शुल्क कुणी गोळा करायचं हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळं विमान कंपन्या अमेरिकेचं टपाल घेईनात. भारतीय टपाल खात्यानं आधी मालाची नोंदणी थांबवली आणि शेवटी साध्या पत्रांचीही. १५ ऑक्टोबर २०२५ पासून सेवा परत सुरू झाली. ज्या कागदावर एक पैशाचं शुल्क नव्हतं, तोही तोवर अडकून पडला.

प्रश्न : मी हायस्कुलात समाजशास्त्र शिकवते. मुलांकडून टपाल परिषदेचं नाटक करून घ्यायचं आहे. दोन देश नेमकं कशावरून घासाघीस करतात, हे मुलांना आकड्यांत कसं दाखवू? — शिक्षिका, खानापूर तालुका

फार चांगली कल्पना आहे. चार गट करा. पहिला देश मोठा आणि पाठवणारा, दुसरा श्रीमंत आणि घेणारा, तिसरा फक्त वाटेतला, चौथा लहान बेट. नियम एकच सांगा, प्रत्येक देशाला एक मत, मग तो केवढाही असो. खऱ्या परिषदेतही असंच आहे. ती साधारण चार वर्षांनी भरते.

आता फळ्यावर आकडे मांडा. हे आकडे नुसते गणितासाठी आहेत.

पहिला देश दुसऱ्याला २० ग्रॅमची १,००० पत्रं पाठवतो. वजन २० किलो. दुसरा पहिल्याला तशीच ४०० पत्रं पाठवतो. वजन ८ किलो. दर ठरवा नगामागे ३ रुपये अधिक किलोमागे २० रुपये.

पहिल्यानं दुसऱ्याला द्यायचे : ३,००० अधिक ४००, म्हणजे ३,४००. दुसऱ्यानं पहिल्याला द्यायचे : १,२०० अधिक १६०, म्हणजे १,३६०. वजावट करून पहिला दुसऱ्याला २,०४० रुपये देतो. प्रत्यक्षातही दोन्ही बाजूंची रक्कम अशीच वजा करून फक्त फरक चुकता करतात, आणि तो रुपयात किंवा डॉलरमध्ये न मांडता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशोबी एककात मांडतात.

दुसऱ्या फेरीत पहिला देश हुशारी करतो. तो पत्रं बंद करून १०० ग्रॅमची २०० पाकिटं पाठवतो. वजन तेच, २० किलो. आता त्यानं द्यायचे ६०० अधिक ४००, म्हणजे १,०००. दुसऱ्याकडून येणे मात्र तेच १,३६०. म्हणजे दुप्पट-अडीचपट वजनाचं टपाल घेऊन, पाकिटं दारोदार पोचवून, वर दुसराच देश ३६० रुपये देणं लागतो! मुलांना हे फळ्यावर दिसलं की दुसऱ्या देशाचा गट आपोआप उठून उभा राहील. मग त्यांना विचारा, पाकिटाला वेगळा दर किती हवा? पहिला गट ‘इतका वाढवला तर आम्ही पाठवायचंच बंद करू’ म्हणेल. तिथून खरी घासाघीस सुरू होते.

यात दोन खाचा मुद्दाम ठेवा. एक म्हणजे मोजणी. हजारो पिशव्यांतला प्रत्येक नग कुणी मोजत नाही. पिशवीबरोबर सीएन ३१ नावाचं पत्रक जातं, त्यावर वजन असतं. किलोमागे नग किती हे ठरावीक दिवशी काही पिशव्या उघडून, मोजून सरासरीनं काढतात. मोजणीचे दिवस दिवाळी किंवा नाताळच्या आसपास धरले तर सरासरी बिघडते, म्हणून दिवस कसे निवडायचे यावरही वाद होतो. दुसरी खाच म्हणजे तिसरा, वाटेतला देश. त्याला किलोमागे वाहणावळ हवी असते, पण फार मागितली तर बाकीचे दुसरी वाट धरतात. त्या गटात वर्गातला सर्वांत शांत मुलगा बसवा, तो जिंकतो.

चौथ्या बेटाच्या गटाला सांगा की तुमच्याकडं टपाल कमी, पण मत मोठ्या देशाइतकंच, एक आहे. ते मत मिळवायला बाकीच्यांना तुमची सवलत मान्य करावी लागेल. शिवाय दोन-तीन शेजारी देशांना आपसात याहून स्वस्त दर ठेवायचा असेल तर संघ अडवत नाही. अट एवढीच की त्यानं लोकांचं नुकसान होता कामा नये. २५ डिसेंबर १८९८ ला सुरू झालेली साम्राज्याची पेनी टपालसेवा अशीच होती. तिच्यामुळं इथून इंग्लंडला अर्ध्या औंसाचं पत्र एका आण्यात जाऊ लागलं. हेनिकर हीटन या खासदारानं त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता.

दोन तास पुरतील. शेवटी मतदान घ्याच. ठराव पडला तरी चालेल.

प्रश्न : दरवर्षी भावाला अमेरिकेला राखी पाठवते. साध्या पाकिटात घालून पत्राचं तिकीट लावलं होतं. एकदा पोचलीच नाही, एकदा फाटलेलं पाकीट परत आलं. काय चुकतं? — वाचक, हिंडलगा

चूक एकच आहे. राखी हे पत्र नाही, वस्तू आहे.

संघाच्या नियमात पत्राचे आकार ठरलेले आहेत. साधं पत्र लांबी-रुंदीनं जास्तीत जास्त २४५ बाय १६५ मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर, वजन १०० ग्रॅम, आणि आत फक्त कागद. लहानात लहान १४० बाय ९० मिलिमीटर. हे पाकीट यंत्रातून जातं. पट्ट्यांच्या मधून, वळणावरून वाकत. राखीवरचा मणी किंवा धातूचा गोंडा तिथं अडतो, कागद फाटतो आणि राखी यंत्रातच पडते. भावाला रिकामं पाकीट मिळतं किंवा तुम्हाला फाटकं परत येतं.

पुढच्या वेळी असं करा. राखी पातळ पुठ्ठ्यावर टाचून बुडबुड्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटात घाला. खिडकीवर ‘आत वस्तू आहे’ असं सांगा. सीएन २२ हे जकातीचं पत्रक भरा. त्यात वस्तूचं नाव, संख्या, वजन, किंमत आणि भेट आहे की माल हे लिहायचं. ‘गिफ्ट’ एवढंच लिहू नका. ‘एक रेशमी राखी, सुती धागा’ असं इंग्रजीत लिहा. हीच माहिती खिडकीवर संगणकातही भरली जाते आणि पाकीट निघण्याआधी तिकडच्या जकातीला पोचते. ती नसेल तर पाकीट विमानात चढत नाही. भावाचा फोन नंबर आणि ई-मेल सोबत न्या.

दिव्यांची, बटण-सेलवाली राखी पाठवूच नका. सेल हवाई टपालात अडतो. अक्षता, कुंकवाची पुडी, सुपारी हेही काढून टाका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये धान्य आणि बियाण्यांची तपासणी कडक असते. चिमूटभर तांदळापायी अख्खं पाकीट नष्ट करू शकतात. सुटी पूड दिसली की कुठल्याही देशात पाकीट बाजूला पडतं. कुंकू लावायचंच असेल तर पत्राच्या कागदावर बोट उमटवा, सुकू द्या आणि वर दुसरा कागद लावून घडी घाला. नोटा तर साध्या पत्रात अजिबात नकोत, ओवाळणीची म्हणूनही नकोत.

नुसतं पत्र पाठवणाऱ्यांसाठी वजनाचं एक गणित. दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो, ७५ चा ४.७ ग्रॅम. लांबट पाकीट साधारण ४ ग्रॅम. म्हणजे ८० चे तीन कागद, पाकीट आणि तिकिटं मिळून १९ च्या वर जातं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो. घरच्या काट्यावर १९.५ भरलेलं पत्र खिडकीवर २० च्या पुढं जाऊ शकतं. पावसाळ्यात ७५ चा किंवा त्याहून पातळ कागद वापरा.

तिकीट कमी पडलं आणि तसंच पेटीत टाकलं, तर पत्रावर ‘टी’ हा शिक्का बसतो. त्यापुढं अपूर्णांक लिहितात : वर कमी पडलेली रक्कम, खाली आपला पत्राचा मूळ दर. पलीकडचं टपाल खातं त्या अपूर्णांकाला आपल्या दरानं गुणून, वर हाताळणीचे पैसे लावून, पत्र घेणाऱ्याकडून वसूल करतं. बऱ्याचदा त्या भानगडीत न पडता पत्रच परत येतं. त्यामुळं परदेशी पत्र पेटीत न टाकता खिडकीवर वजन करूनच द्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला परदेशातल्या मराठी मंडळाला दिवाळी अंकांचा संच पाठवायचा आहे. कुरिअरचा भाव ऐकून गप्प बसलो. — वाचक, खानापूर

गप्प बसू नका, छापील मजकुराचा वर्ग तुमच्यासाठीच आहे. पुस्तकं आणि नियतकालिकं पत्रापेक्षा कमी दरानं जावीत ही तरतूद संघात पहिल्यापासून आहे, आणि भाषेच्या दृष्टीनं ती मोलाची आहे.

या वर्गात एका गठ्ठ्याला ५ किलोपर्यंत पुस्तकं चालतात. साडेतीनशे ग्रॅमचा अंक धरला तर १३ अंकांचे ४ किलो ५५० ग्रॅम होतात, उरलेलं बांधणीत जातं. चौदावा कोंबू नका. गठ्ठा असा बांधा की तपासायला सहज उघडता येईल. आत खासगी पत्र ठेवलं की सगळा गठ्ठा पत्राच्या दरात जातो. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ आणि सही चालते, मजकूर नाही. अंकासोबत उटण्याची किंवा अत्तराची पुडी चिकटवलेली असेल तर ती सोडवून ठेवा.

अंक जास्त असतील तर एम बॅगची चौकशी करा. एकाच पत्त्यावर जाणारी छापील मजकुराची ती खास पिशवी. वजन ३० किलोपर्यंत. पत्त्याची चिठ्ठी पिशवीच्या गळ्याला बांधायची आणि आतल्या प्रत्येक गठ्ठ्यावरही तोच पत्ता लिहायचा. लहान कार्यालयात ही पिशवी क्वचितच कुणी पाठवतं, तेव्हा मुख्य टपाल कार्यालयात आधी फोन करून जा. दिवाळीनंतर लगेच पाठवली तर बरं. डिसेंबरात नाताळच्या गर्दीत छापील मजकूर मागं पडतो.

प्रश्न : घरात जुन्या पत्रांचा जुडगा सापडला. पणजोबांना गोव्यातून आलेल्या पत्रांवर पोर्तुगीज तिकिटं आहेत. चोर्ला घाट उतरला की गोवा. एवढ्याशा वाटेला परदेशी टपाल? — वाचक, उचगाव

हो. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता, त्यामुळं तिथलं पत्र परदेशीच. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १८७१ ला निघाली. त्याआधीपासून, १८५४ ते १८८३ या काळात, गोव्यात ब्रिटिश हिंदुस्थानचंही टपाल कार्यालय होतं. त्या वेळच्या काही पत्रांवर दोन्ही सरकारांची तिकिटं शेजारी शेजारी दिसतात, एक तिकडच्या वाटेपुरतं आणि एक इकडच्या. पोर्तुगालच्या वसाहती १८७७ मध्ये टपाल संघात आल्या आणि एकाच तिकिटावर भागू लागलं. बर्नच्या करारानं नेमकं काय वाचवलं, ते तुमच्या जुडग्यात दिसेल.

तिकिटं पाकिटावरून काढू नका. संग्राहक आणि अभ्यासक दोघांनाही शिक्क्यासकट अख्खं पाकीट हवं असतं. चिकटपट्टी लावू नका, आम्ल नसलेल्या कागदात घालून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हवा द्या.

प्रश्न : परदेशातल्या संस्थेनं उत्तरासाठी ‘रिप्लाय कूपन’ मागितलं. ते काय असतं? — वाचक, चिक्कोडी

उत्तराच्या तिकिटाचे पैसे आधीच पाठवायची सोय. १९०६ च्या रोम परिषदेत ती ठरली. कूपन कोणत्याही सदस्य देशात दाखवलं की परदेशी साध्या पत्राच्या पहिल्या टप्प्याची तिकिटं मिळतात. ते स्वीकारणं सगळ्या देशांना बंधनकारक, पण विकणं ऐच्छिक. त्यामुळं आपल्याकडं ते मिळेलच असं धरून चालू नका. मिळालंच तर त्यावर छापलेली मुदत बघा; मुदत गेली की तो नुसता कागद.

प्रश्न : पावतीवरचा नंबर टाकला तर ‘चुकीचा क्रमांक’ असं येतं. शाई पुसट आहे. — वाचक, येळ्ळूर

या नंबरात चूक पकडायची सोय आहे. दोन अक्षरं, आठ अंक, एक तपासणी अंक आणि देशाची दोन अक्षरं, आपली ‘आय एन’. अशी एकूण १३ घरं. पहिलं अक्षर ‘आर’ असेल तर नोंदणीकृत, ‘सी’ पार्सल, ‘ई’ स्पीड पोस्ट.

आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणा, बेरीज करा, ११ नं भागा आणि बाकी ११ मधून वजा करा. उत्तर १० आलं तर ० धरा, ११ आलं तर ५. येईल तो तपासणी अंक. उदाहरणार्थ ३०५२७१४६ : २४, ०, २०, ४, २१, ५, ३६, ४२. बेरीज १५२, बाकी ९, उत्तर २. म्हणजे नववा अंक २ हवा. तुमच्या पावतीवर जो अंक पुसट आहे तिथं ० ते ९ घालून बघा, बहुतेक वेळा एकच बरोबर बसतो. बहुधा ३ आणि ८, नाहीतर १ आणि ७ यांची गल्लत असते. ‘ओ’ अक्षर आणि शून्य हीही नेहमीची चूक; मधल्या नऊ घरांत अक्षर कधीच नसतं.

प्रश्न : मुलगी जर्मनीहून पत्र टाकते ते सांगली जिल्ह्यात फिरून येतं. — वाचक, खानापूर

खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे, म्हणून. तिला पत्ता असा लिहायला सांगा : नाव, घर आणि गल्ली, गाव, मग तालुका खानापूर, जिल्हा बेळगावी, ५९१३०२, कर्नाटक, आणि शेवटच्या ओळीत मोठ्या रोमन अक्षरांत ‘इंडिया’. देशाखाली काही लिहू नये. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव बेळगावी आहे, पण ‘बेळगाव’ लिहिल्यानं पत्र अडत नाही. अडतं ते पिन कोड चुकल्यानं. जर्मनीतल्या यंत्राला देशाची ओळ पुरते, इथं वर्गवारीला पिन कोड लागतो आणि गावच्या पोस्टमनला गल्लीचं नाव. गल्ली आणि घराच्या ओळी तिनं मराठीत पुन्हा लिहिल्या तर उत्तमच, पण त्या रोमन पत्त्याच्या बाजूला लिहाव्यात, खाली नकोत.